मोरूबाबा, तुम्हांला न सांगता गेलो

प्रिय मोरूबाबा,

काल सकाळची शाळा सुटत होती तेवढ्यात पोस्टमन आला. पाकीट तुमच्या मठातलं होतं, पण वरचं अक्षर तुमचं नव्हतं. मुलं घरी गेली, वर्ग रिकामा झाला, तरी पाकीट माझ्या हातात तसंच होतं.

तुमच्या मठातल्या एका ब्रदरनं लिहिलंय. आठ दिवस ताप होता, मग छाती भरली, आणि तुम्ही गेलात. मठाच्या मागं फणसाच्या झाडांजवळ तुम्हांला पुरलंय. तुम्हीच शिकवलेल्या तोडक्यामोडक्या इंग्रजीवर मी एवढं वाचलं. पुढं त्यानं एक विचारलंय. शेवटचे दोन दिवस तुम्ही एकच काहीतरी पुन्हा पुन्हा बोलत होता, आणि ते मठात कुणालाच कळत नव्हतं. मल्याळी नव्हे, लॅटिन नव्हे, इंग्रजीही नव्हे. त्यानं ते कानावर पडलं तसं इंग्रजी अक्षरांत उतरवून पाठवलंय. ही कुठली भाषा? फादरना काय हवं होतं? आम्हांला ते देता आलं नाही, याची रुखरुख लागून राहिलीय, असं लिहितो बिचारा.

मी एकेक अक्षर जुळवत गेलो. ‘थांबजो. पानी पिऊन जाजो.’

मोरूबाबा! तुम्हांला काहीच नको होतं हो! तुम्हीच कुणाला तरी पाणी देत होता. आणि तेही आमच्या वऱ्हाडीत!

ब्रदरला उत्तर आज सकाळीच टाकलं. पण तुमचं उत्तर माझ्याकडे राहिलंय. तुम्ही केरळात गेल्यावर तुमची कार्डं येत राहिली. पहिल्या काहींना मी लिहिलं, शेवटच्या तीन कार्डांना नाही. आज लिहू, उद्या लिहू, असं करत राहिलो. लिहायला बसलो की जे लिहायचं ते हातून उतरत नव्हतं. आता उतरतंय. उशीर झाला, हे मला सांगायला नको.

तुम्ही आलात त्याच वर्षी मी नॉर्मल स्कूलात मास्तरकीचं शिक्षण घेऊन मास्तर झालो होतो. तळेगावच्या पुढं, नागपूरच्या सडकेला लागून एक पडीक शेत होतं. तिथं दोन माणसं पांढरे झगे घालून राहायला आल्याची बातमी गावात पसरली. दोघंही सावळे, आमच्यासारखेच. लोक म्हणायचे, साहेबाचा धर्म आन् कातडी आपल्यावानी, हे कसं? तुमचा जोडीदार पहिल्याच उन्हाळ्यात आजारी पडून परत गेला. तुम्ही राहिलात. नाव विचारलं तर ‘फादर मौरूस’ म्हणालात. ते कुणाच्या जिभेवर बसेना. आठ दिवसांत तुमचा मोरूबाबा झाला, आणि तुम्ही त्या नावाला ‘ओ’ द्यायला लागलात.

कडुनिंबाच्या फांदीला तुम्ही रुळाचा एक तुकडा टांगला होता. दिवसातून सात वेळा तो वाजायचा आणि तुम्ही प्रार्थनेला बसायचात. तुमचा देव कोणता ते गावाला ठाऊक नव्हतं, पण बाया त्या टोल्यावर निंदणाला निघायला लागल्या. महिन्यातून एकदा तुम्ही सायकलनं आर्वीला आणि तिथून छोट्या रेल्वेगाडीनं पुलगावला जायचात, लष्करी डेपोतल्या तुमच्या ख्रिस्ती लोकांसाठी मिसा, म्हणजे तुमची मोठी उपासना, करायला. त्या दिवशी टोला वाजत नसे आणि गावकुसाबाहेरच्या आमच्या सगळ्या मोहल्ल्याला चुकल्यासारखं वाटे.

पण मला आधी विहिरीवरचा दिवस सांगू द्या. तुम्हांला तो आठवत असेल की नाही, कोण जाणे! मायच्या तोंडून मी तो इतक्यांदा ऐकलाय की मीच तिथं होतो असं वाटतं.

नाल्यातला झिरा आटला की आमच्या बाया गावच्या विहिरीपाशी जाऊन थांबायच्या. लांब. विहिरीला हात लावायचा नाही, दोराला लावायचा नाही. कुणाला दया आली की तो वरून पाणी वाढायचा. त्या दिवशी माय घागर घेऊन सकाळपासून बसली होती. तुम्ही बादली घेऊन आलात आणि तिच्या मागं उभे राहिलात. गावातला एक जण म्हणाला, “अजी बाबा, तुमी भरा ना पानी. तुमाले कोन रोकून राह्यलं?”

तुम्ही तुमच्या पुस्तकी मराठीत म्हणालात, “ही बाई माझ्या अगोदर आलेली आहे.”

“तिचं तसंच असते. कोनी वाढलं की नेईन ते.”

“मग मीही थांबतो.”

आणि थांबलात! ऊन डोक्यावर आलं, लोक पाणी भरून गेले, काही हसले, काही चिडले, तुम्ही जागचे हलला नाहीत. शेवटी कुणीतरी कंटाळून मायच्या घागरीत पाणी ओतलं. मग तुम्ही स्वतःची बादली भरली नाहीत. तिच्यासारखीच पुढं धरलीत, वरून वाढून घ्यायला.

माय घरी येऊन म्हणाली, “येडा हाय थो मानूस. पन माया मांगं उभा होता. माया मांगं आजवर कोनी उभं नाई राह्यलं.”

दुसऱ्या दिवशी मी तुम्हांला पाहायला आलो. खरं तर जाब विचारायला आलो होतो. माझ्या मायला घेऊन तुम्ही काय तमाशा मांडला, असं विचारणार होतो. तुम्ही मला बसायला गोणपाट दिलंत आणि विचारलंत, “तुम्ही शिक्षक आहात ना? मला मराठी शिकवाल?”

तसा मी तुमचा मास्तर झालो. तुम्ही मला इंग्रजी शिकवायचं, मी तुम्हांला मराठी. पहिल्याच आठवड्यात तुम्ही विचारलंत, ‘मला’ बरोबर की ‘मले’? मी ऐटीत सांगितलं, पुस्तकात ‘मला’ आहे. तुम्ही म्हणालात, “पण तुमची माय पाणी मागताना काय म्हणते?” मी म्हणालो, ‘मले.’ तुम्ही वहीवर ‘मला’ खोडून ‘मले’ लिहिलंत. मला तेव्हा राग आला होता. मी एवढं शिकलो ते ‘मले’ सोडण्यासाठीच, आणि हा माणूस ते उचलून घेतो! पुढं नागपूरच्या चर्चमध्ये तुम्ही ‘मले तुमाले एक सांगाचं हाय’ अशी सुरुवात केलीत आणि तिथली मोठी मंडळी एकमेकांकडं बघायला लागली, हे तुम्ही मला पोट धरून हसत सांगितलंत. तुम्हांला कधी लाज कशी वाटली नाही हो?

मग विहीर. तुमच्याच शेतात, सडकेपासून पन्नास पावलांवर. दोन उन्हाळे आपण खणत होतो. वरची माती गेली, मुरूम गेला, खाली काळा पाषाण लागला. मोहल्ल्यातली माणसं दिवसभर लोकांच्या शेतात राबून यायची आणि दिवस मावळेपर्यंत तुमच्याबरोबर खड्ड्यात उतरायची. रुळाचा टोला द्यायची वेळ झाली की तुम्ही तसेच चिखलानं भरलेले वर चढायचात, प्रार्थना म्हणायचात, आणि परत खाली. एकदा मी म्हणालो, आज एक वेळची प्रार्थना राहू द्या. तुम्ही म्हणालात, “खाली तुमच्यासाठी खणतो, वर माझ्यासाठी. मी पण तहानलेला हाय, मास्तर.”

सात पुरुष खोल गेल्यावर पाणी लागलं.

ते गढूळ पाणी निवळल्यावर तुम्ही मायला बोलावलंत आणि तिच्या हातात दोर दिलात. “ओढजो, माय.” ती नुसतीच उभी. आम्हांला वाटलं, रडते आहे. मग ती हळूच म्हणाली, “मले येत नाई.” पंचेचाळीस वर्षांची बाई, जन्मभर पाणी वाहिलेली, पण विहिरीतून बादली कशी ओढायची ते तिला ठाऊक नव्हतं! कुणी कधी दोर हातात दिलाच नव्हता. तुम्ही तिला शिकवायला गेलात, आणि बादली उलटी पडली, कारण तुम्हांलाही धड येत नव्हतं. दोघंही हसत सुटलात. मी मात्र कडुनिंबाआड जाऊन रडलो. हे तुम्हांला आज पहिल्यांदा सांगतोय.

त्यानंतर मीच तुम्हांला म्हणालो, मला बाप्तिस्मा द्या. तुम्ही कधी एका शब्दानं सुचवलं नव्हतं. उलट मलाच विचारलंत, कशासाठी? मी म्हणालो, म्हणजे आमच्या माणसांना कुणाच्या विहिरीवर तिष्ठत बसावं लागणार नाही. तुम्ही म्हणालात, “त्यासाठी विहीर खणली ना? त्यासाठी बाप्तिस्मा नको. दुसरं कारण सापडलं की येजो.”

दोन वर्षं तुम्ही मला थांबवलंत. मी तुमच्याबरोबर वाचत राहिलो, वाद घालत राहिलो. शेवटी एका संध्याकाळी मी म्हणालो, कारण सांगता येत नाही, पण तुमच्या शेजारी बसलं की मन निवतं. तुम्ही म्हणालात, “येत्या नाताळात.” मी, माझी बायको शांता, आमची छोटी मुलगी, माय, आणि माझा चुलतभाऊ. पाच जण. सहा वर्षांत पहिले पाच! तुम्ही त्याच दिवशी मठाला पत्र लिहिलंत. तुमचा तो आनंद मला अजून दिसतो. त्या दिवशी तुम्ही टोला जरा जोरातच दिला होतात.

आणि मग त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस आर्वीहून कार्यकर्ते आले. दसऱ्याला नागपूरला चला, पांढरे कपडे घाला, धम्मदीक्षा आहे. ज्यांच्या एका शब्दावर आमची गावंच्या गावं उठायची, त्यांनी बोलावलं होतं.

मोरूबाबा, मी त्या रात्री ठरवलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पण मोहल्ल्यात घरोघर कपडे धुवून वाळत घातलेले पाहिले, म्हातारी माणसं ‘मलेबी न्या, मलेबी न्या’ म्हणताना पाहिली, आणि माझ्या आत काहीतरी सरळ उभं राहिलं. तुमच्या घरी मी सुखात होतो, पण पाहुणा होतो. तिथं मी माझ्या माणसांबरोबर माझ्याच दारात उभा राहणार होतो. हे असं तुम्हांला सांगितलं असतं तर तुम्हांला कळलं असतं. आज कळतं की तुम्हांलाच सगळ्यांत आधी कळलं असतं.

पण मी सांगितलं नाही. पंधरा दिवस तुमच्याकडं फिरकलो नाही. ताप आला, असा निरोप धाडला. तुम्ही काय केलंत? मायच्या हाती तापाच्या गोळ्या पाठवल्यात! वर निरोप, मास्तरांना म्हणावं, उपाशीपोटी घेऊ नका. मी त्या गोळ्या छपरात खोचून ठेवल्या. तुमच्याशी मी एकदाच खोटं बोललो, आणि त्यावर तुम्ही औषध पाठवलंत. याहून मोठी शिक्षा कुणी कुणाला दिली असेल का?

निघायच्या सकाळी मी म्हणालो, सडकेनं नको, शेतातल्या वाटेनं जाऊ आणि पुढं सडकेला लागू. माय जागची उठेना. म्हणाली, “ज्याचं पानी पेलो त्याच्यापासून तोंड लपवून जाऊ? मंग कायची दीक्षा घेतं रे तू?”

आम्ही सडकेनंच निघालो. लांबूनच दिसलं. कडुनिंबाखाली तुम्ही दोन मोठे रांजण भरून ठेवले होते. आष्टीकडून, पार वरुडाकडून माणसं चालत येत होती, बैलगाड्या येत होत्या, सगळे पांढऱ्या कपड्यांत, आणि तुम्ही तुमच्या पांढऱ्या झग्यात त्यांना पाणी देत होता. दोर ओढून ओढून तुमचे हात सोलले होते. परगावच्या लोकांना तुम्ही कोण ते काय ठाऊक! एका गाडीवाल्यानं तुम्हांला हाक मारली, “चला ना बाबा, बसा गाडीत. जागा हाय.” तुम्ही हसलात. “माझी गाडी वेगळी हाय,” म्हणालात.

मग तुमचं लक्ष माझ्याकडं गेलं. मी मान खाली घातली. तुम्ही माझ्यासमोर आलात आणि विचारलंत, “ताप उतरला का, मास्तर?”

त्यात टोमणा नव्हता. तेच तर सहन झालं नाही.

मी म्हणालो, “फादर, मी...”

“मले काऊन नाई सांगतलं?” तुमचा आवाज अगदी हळू होता. “मी काय तुले बांधून ठेवलं असतं?”

शांता मला पुढं ढकलत होती, मागची माणसं थांबली होती. मी तसाच चालू लागलो. तेव्हा तुम्ही मागून म्हणालात, “थांबजो. पानी पिऊन जाजो.”

मी प्यालो. तुम्ही मुलीला पाणी पाजलंत. तिच्या कपाळावर तुमच्या पद्धतीनं खूण करायला तुमचा हात उचलला गेला आणि मध्येच थांबला. मग तो तुम्ही नुसता तिच्या डोक्यावर ठेवलात. “इले सावलीत ठेवजो,” म्हणालात. एवढंच!

तो मध्येच थांबलेला हात मी नागपूरपर्यंत बरोबर नेला. तिथं लाखो माणसांत उभा राहून शपथा घेतल्या, त्या मनापासून घेतल्या. त्याचा मला एका क्षणाचाही पश्चात्ताप नाही, हे तुम्हांला स्वच्छ सांगतो. तुम्हांला खोटं आवडत नसे.

परत आल्यावर तीन दिवसांनी मी धीर करून आलो. तुम्ही भांडी घासत होता. म्हणालात, “सांग. सगळं सांग.” मी सांगत गेलो, तुम्ही हात पुसायचे विसरलात. मग म्हणालात, तिथं जे म्हटलं ते म्हणून दाखव. मी तिन्ही शरणं म्हटली. तुम्ही उभे राहून ऐकलीत. “चांगलं म्हणतोस,” म्हणालात, आणि परत भांड्यांकडं वळलात. तुमची पाठ माझ्याकडं होती. तुम्ही तेव्हा रडत होतात का? मला तेव्हाही विचारायचं होतं.

आणि मग त्याच हिवाळ्यात आमच्यावर आभाळ कोसळलं. ज्यांनी आम्हांला दीक्षा दिली तेच गेले. मोहल्ल्यात चूल पेटली नाही. तुम्ही आलात, आमच्या माणसांत जमिनीवर बसलात आणि दिवसभर बसून राहिलात. तुम्ही गावात असूनही त्या दिवशी पहिल्यांदा तुमचा टोला वाजला नाही. तुमच्या सात प्रार्थना तुम्ही आमच्यासाठी सोडल्यात, की तिथंच मनात म्हटल्यात?

थोड्याच दिवसांत नाताळ आला. आमचा नाताळ व्हायचा होता, तो. तुम्ही एकट्यानंच मिसा केलीत. मी गेलो नाही. वाटलं, कोणत्या तोंडानं जाऊ? माय मात्र गेली. सगळं संपेपर्यंत तुमच्या दारात बसून आली. मी विचारलं, “काऊन गेलतीस?” ती म्हणाली, “सनाचा दिवस. एकटाच बोलून राह्यला होता बिचारा. बसली जराशी.”

एवढं साधं होतं ते. मला का सुचलं नाही?

होळीच्या सुमाराला तुमच्या मठाचे वडील फादर आले. म्हातारे, पायांना सूज, केरळातून एवढा प्रवास करून आलेले. ते वाईट नव्हते. त्यांच्या कानावर आलं होतं की तुम्हीच आमच्या मोहल्ल्याला नागपूरला धाडलंत. त्यांनी मला बोलावून घेतलं. तुम्हांला बाहेर बसवलं. हिंदीत विचारलं, “फादरने तुमको जाने को कहा था?”

मी म्हणालो, “नहीं. कभी नहीं.”

त्यांचा चेहरा जरा उजळला. मग त्यांनी विचारलं, “रोका तो होगा?”

मोरूबाबा, मला तिथं एक शब्द बोलायचा होता. ‘हां.’ हो म्हटलं असतं, की फादरनी अडवलं, समजावलं, पण आम्हीच ऐकलं नाही, तर तुम्ही आज आमच्यात असता. तो शब्द माझ्या ओठांवर आला होता. पण मला ती सकाळ दिसली, आणि मी खरं बोललो. “नहीं रोका. पानी पिलाया.”

त्यांनी काठीवर हनुवटी टेकली. दोन दिवसांनी तुम्हांला परत बोलावल्याचा हुकूम झाला.

मी तुमच्याकडं धावत आलो. म्हणालो, माझ्यामुळं झालं. तुम्ही पेटी भरत होता. म्हणालात, “‘रोकलं’ असं म्हणला असता तू, तर मी बाहेरून आत येऊन सांगितलं असतं की हा खोटं बोलतो. मग दोघाइची पंचाईत झाली असती.” आणि हसलात. मग हसू ओसरलं. म्हणालात, “जायला सांगतलं की जायचं, हे माझं वचन हाय, मास्तर. तू तुझं पाळलं. मले माझं पाळू दे.” पेटी तुम्ही बंद केलीत, उघडलीत, परत बंद केलीत. या गावातून जाताना तुम्हांला काय झालं असेल, ते मी त्या पेटीवरून ओळखलं. तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

तळेगावच्या मोटार स्टँडवर माय तुमच्याशी भांडली. “तुमच्या देवाले तिकडं मानसं नाईत का? आमचाच एक मानूस पायजे होता त्याले?” तुम्ही तिच्या पायांशी वाकायला गेलात, तर तिनं तुम्हांला वरच्या वर धरलं. स्टँडवरचे लोक बघत राहिले.

जागा मठानं शाळेसाठी देऊन टाकली. आज मी तिथंच शिकवतो. विहीर तुम्ही माझ्या हवाली केलीत. तुमच्या शेवटच्या कार्डात एकच ओळ होती, ‘विहिरीले पानी किती हाय?’ त्याचं उत्तर मी का दिलं नाही, ते आता सांगतो.

या उन्हाळ्यात गावची विहीर आटली. आपली आटली नाही. गेल्या महिन्यात गावातल्या दोघी-तिघी घागरी घेऊन आल्या आणि कडुनिंबापाशी थांबल्या. लांब. त्या संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर मोहल्ल्याची बैठक बसली. आणि मोरूबाबा, पाणी द्यायचं नाही, असं सगळ्यांत आधी मी म्हणालो. मी, तुमचा मास्तर! जन्मभर आमच्या आया ज्यांच्या दारात वाळल्या, त्यांना आम्ही का पाणी द्यावं? माणसांनी माना डोलावल्या. त्यात मला सुख वाटलं. खोटं कशाला सांगू, फार सुख वाटलं. असलं सुख अंगात घेऊन तुम्हांला कार्ड कसं लिहिणार होतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाया परत आल्या. मी वर्गाच्या दारात हाताची घडी घालून उभा होतो. माय विहिरीवर होती. त्यांच्यातली एक पुढं आली आणि घागर खाली ठेवून म्हणाली, “बाई, वाढतं का थोडंसं?”

माय म्हणाली, “नाई वाढत.”

मला वाटलं, माय माझ्या बाजूची आहे.

मग तिनं दोर उचलला आणि त्या बाईपुढं धरला. “इथं कोनी कोनाले वाढत नाई. ज्याचं त्यानं ओढाचं. धर.”

ती बाई दोराकडं बघत राहिली. आमच्या सगळ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेला दोर. मागच्या दोघी तिच्याकडं बघत होत्या. उन्हात तिचा चेहरा लाल झाला होता. किती वेळ गेला, सांगता येत नाही. माय काही हात मागं घेईना.

मग तिनं दोर धरला. ओढला. घागर भरली, कडेवर घेतली, आणि वर न बघता निघून गेली. दुसरी पुढं आली.

तेव्हापासून रोज येतात. काही बोलतात, काही बोलत नाहीत. मी मात्र अजून वर्गाच्या दारातूनच बघतो. काल तुमची बातमी आली, आणि आज सकाळी मी पहिल्यांदा विहिरीवर जाऊन उभा राहिलो. मायनं कशाला आलास म्हणून विचारलं नाही. ती बाजूला सरली आणि माझ्यासाठी जागा केली. गावातली एक म्हातारी आली. मी तिच्या हातात दोर दिला. तिनं माझ्याकडं पाहिलं. मला हसता आलं नाही.

तेव्हा ऐका, मोरूबाबा. पाणी आहे, अजून चार हात आहे. मी असेपर्यंत या विहिरीवर जो येईल त्याच्या हातात दोर देईन, तो कुणीही असो. हे वचन. मन मोकळं होऊन देईन की नाही, ते मात्र आज सांगत नाही. ते झालं की तुम्हांला कळवीन. आणि त्या वेळी लपवणार नाही.

तुमचा,
दौलत मास्तर